म्हाताऱ्या विमानांची वर्गणी

बेळगावच्या कॅम्पातून पश्चिमेकडे निघणारा वेंगुर्ल्याचा रस्ता हिंडलग्यातून जातो. पुढे सुळगा, उचगावचा फाटा, बाची, मग शिनोळीला महाराष्ट्राची हद्द. त्यानंतर चंदगड तालुका, आंबोलीचा घाट, सावंतवाडी आणि समुद्र. रस्त्याच्या टोकापासून किनाऱ्याने उत्तरेला गेले की निवती लागते. १ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ठरवले की 'आयएनएस विराट' ही निवृत्त विमानवाहू नौका निवतीजवळच्या समुद्रात कायमची उभी करायची आणि तिच्यावर संग्रहालय करायचे. खर्चाचा अंदाज होता ८५२ कोटी रुपये. ते झाले असते तर हिंडलग्याच्या शाळेतली मुले पहाटे एसटीत बसून दुपारपर्यंत सी हॅरियर विमानांच्या डेकवर पोहोचली असती.

ते झाले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये विराट मुंबईहून ओढून गुजरातेतील अलंगला नेली आणि तिथे ती तोडली गेली. भंगार म्हणून तिची किंमत आली ३८ कोटी ५४ लाख रुपये. जिच्यासाठी ८५२ कोटींची योजना मंजूर होते ती वस्तू दोन वर्षांत मोडीत कशी निघते, याचे उत्तर शोधताना लष्करी विमानांची संग्रहालये जगतात कशावर, हेच पाहावे लागते. माझ्या मते ती मंजुऱ्यांवर जगत नाहीत. पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसांवर आणि त्यांनी थोडे थोडे करून दिलेल्या पैशावर जगतात.

आधी विराटची थोरली बहीण 'विक्रांत' हिची हकिगत सांगायला हवी, कारण त्या वेळी शिकायला हवे होते ते विराटच्या वेळीही आपण शिकलो नाही. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला विक्रांत भारतीय नौदलात आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या मोहिमेत ती अरबी समुद्रात होती. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी बंगालच्या उपसागराच्या बाजूने चितगाव आणि कॉक्स बझार यांवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली आणि मुंबईत संग्रहालय म्हणून ठेवली गेली. लोकांना ती ठरावीक काळापुरतीच पाहायला मिळे. मुंबईजवळ ऑइस्टर रॉकला तिला कायमचे रोवण्याची कल्पना मांडली गेली, खासगी भागीदार शोधले गेले, पण वर्षानुवर्षे कुणी मिळाले नाही. त्या काळात समुद्राचे पाणी तिचा तळ खात होते. २०१२ मध्ये ती धोकादायक ठरवून लोकांसाठी बंद केली. २०१४ च्या जानेवारीत लिलावात मुंबईच्या दारुखान्यातील एका जहाजे तोडणाऱ्या व्यावसायिकाने ती ६० कोटींना घेतली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण ऑगस्टमध्ये तोडण्याची परवानगी कायम झाली आणि नोव्हेंबरात तोडकाम सुरू झाले. तिचे काही पोलाद बजाजने घेतले आणि २०१६ मध्ये त्यातून 'व्ही' मोटारसायकल आणली. ती विकत घेणाऱ्या हजारो लोकांनी पोलादाच्या एका कणासाठी खिशात हात घातला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पैसे द्यायची लोकांची तयारी होती. जहाज उभे असताना ते पैसे नियमितपणे घेणारी, पावती देणारी आणि खर्च दाखवणारी व्यवस्था मात्र नव्हती. २०१३ मध्ये मुंबईत विक्रांतसाठी लोकांकडून मदत गोळा झालीही, पण पुढे तिच्या हिशेबावरून वाद उठला आणि तो पोलिसांपर्यंत गेला.

विराटच्या बाबतीत २०१९ मध्ये सरकारने संसदेत जे सांगितले त्याचा मथितार्थ असा की, स्वतःच्या उत्पन्नावर चालू शकेल असा पूर्ण आर्थिक प्रस्ताव कुणाकडूनही आला नाही. मुद्दा होता तो एवढाच. उभारणीचा खर्च कुठूनतरी येतो. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशीपासूनच्या खर्चाचे काय, हे कुणी सांगितले नव्हते.

हा दुसऱ्या दिवशीपासूनचा खर्च काय असतो, ते गोव्यात पाहता येते. बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने उतरून पणजी आणि तिथून झुआरी ओलांडून दाबोळीला जावे. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. ते ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाले. उघड्या आवारात सी हॉक, अलिझे, व्हँपायर, सी हॅरियर, फायरफ्लाय, छोटे सीलँड ही विमाने आणि सी किंग हेलिकॉप्टर उभी आहेत. या साऱ्यांत उठून दिसते ते चार इंजिनांचे, तीन शेपट्यांचे सुपर कॉन्स्टेलेशन. मूळचे एअर इंडियाचे हे प्रवासी विमान हवाई दलाकडे गेले आणि १९७६ मध्ये नौदलाकडे आले. समुद्रावरच्या लांब टेहळणीसाठी ते वापरले गेले. त्याच्याशी दाबोळीचा आणखी एक धागा जुळतो. १८ डिसेंबर १९६१ रोजी कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली, पण तिथे उभी असलेली दोन पोर्तुगीज नागरी विमाने मुद्दाम सोडली. त्यांतले एक कॉन्स्टेलेशन होते. त्याच रात्री पोर्तुगीजांनी उखडलेल्या धावपट्टीवरून दोन्ही विमाने उडवली आणि ती कराचीकडे निसटली.

आता या विमानांकडे कारागिराच्या नजरेने पाहू. विमानाचे अंग ड्युराल्युमिनचे, म्हणजे अॅल्युमिनियममध्ये चारेक टक्के तांबे मिसळलेले असते. तांब्यामुळे ते मजबूत होते, पण खारट हवेत लवकर सडते. म्हणून पत्र्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. तो थर जिथे खरचटतो तिथून रोग शिरतो. अॅल्युमिनियमला पोलादी बोल्ट लागलेला असेल आणि दोघांमध्ये खारे पाणी साठले, तर तिथे एक छोटी बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम झिजत जाते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पंखांच्या पोकळ्यांत पाणी शिरते आणि निचऱ्याची भोके पानांनी बुजली की ते आतच राहते. चिमण्या-पारवे सांदीत घरटी करतात, आणि पक्ष्यांची विष्ठा रंग खाते. उन्हाने कॉकपिटच्या पारदर्शक छताला बारीक तडे जातात, ते दुधाळ होते. वजन टायरवर राहिले तर टायर बसतात, म्हणून सांगाड्याखाली पोलादी टेकू देऊन भार उचलून धरावा लागतो. विमान ताब्यात घेताना वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली स्फोटके, उरलेले इंधन, बॅटऱ्या हे सगळे काढले आहे ना, याची खात्री करावी लागते. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर रेडियमचा रंग असेल तर मुलांना त्यांपासून दूर ठेवावे लागते.

यांतले कुठलेही काम कोट्यवधींचे नाही. पण ते दर महिन्याला, दर पावसाळ्यानंतर, दर तीन-चार वर्षांनी न चुकता करावे लागते. दाबोळीचे संग्रहालय नौदलाचे असल्यामुळे त्याला माणसे आणि शिस्त आयती मिळते. चौकात मांडलेले विमान किंवा एखाद्या कॉलेजच्या मैदानावरचे विमान यांना ती मिळत नाही. फीत कापण्याच्या दिवशी सगळे हजर असतात, पाच वर्षांनी रंग उडालेल्या शेपटीकडे बघायला कुणी नसते.

परदेशात हे कसे जमवले? न्यू यॉर्कच्या हडसन नदीत 'इंट्रेपिड' ही दुसऱ्या महायुद्धातील विमानवाहू नौका १९८२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. झॅकरी फिशर या बांधकाम व्यावसायिकाने पुढाकार घेऊन तिला वाचवले. तरीही तीनच वर्षांत, १९८५ मध्ये, तिचे प्रतिष्ठान दिवाळखोरीत गेले. मोठा दाता मिळाला, जागा मिळाली, शहर न्यू यॉर्कसारखे मिळाले, तरी हे झाले. ती उभी राहिली ती नंतर, कार्यक्रम, शाळा, देणगीदार आणि नौदलाचे उत्सव यांची घडी बसल्यावर. सॅन दिएगोची 'मिडवे' २००४ मध्ये उघडली आणि तिने सुरुवातीपासूनच ही घडी नीट बसवली. तिथे माहिती सांगायला शेकडो स्वयंसेवक आहेत. त्यांतले कित्येक पूर्वीचे नाविक आणि वैमानिक आहेत. डेकवर सैनिकांचे निवृत्ती समारंभ होतात, कंपन्यांच्या मेजवान्या होतात, मुलांची मुक्कामी शिबिरे होतात. मुले खलाशांच्या बंकांवर झोपतात आणि सकाळी डेकवर येतात. संग्रहालयाचा चालू खर्च तिकिटे, कार्यक्रम आणि देणग्या यांतून निघतो.

ब्रिटनमधील व्हल्कन बाँबर 'एक्सएच ५५८' ची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते, कारण ती सामान्य माणसांनी ओढून नेली. निवृत्तीनंतर हे अजस्र डेल्टा पंखांचे विमान पुन्हा उडवायचे म्हणून एक न्यास उभा राहिला. २००४ मध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून त्याला सत्तावीस लाख पौंडांहून अधिक अनुदान मिळाले, पण ते पुरले नाही. २००६ च्या उन्हाळ्यात काम बंद पडण्याची वेळ आली आणि थोड्याच आठवड्यांत सुमारे बारा लाख पौंड जमवणे भाग पडले. हजारो लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे पाठवले. शेवटचे पाच लाख सर जॅक हेवर्ड यांनी दिले. १८ ऑक्टोबर २००७ रोजी ते विमान उडाले. पुढची आठ वर्षे उन्हाळ्याच्या हवाई प्रदर्शनांत ते दिसले की लोक वर बघत उभे राहत. २०१५ मध्ये ते थांबले ते पैसे संपले म्हणून नव्हे. तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला, इतके जुने विमान तपासणारे तज्ज्ञ उरले नव्हते. वर्गणीने पैसा मिळतो, जाणकार माणूस मात्र आधीपासून जपावा लागतो, हेही व्हल्कनने दाखवले.

लोकवर्गणीतून विमान ही कल्पना आपल्याकडे तशी नवी नाही. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये 'स्पिटफायर निधी' सुरू झाला तेव्हा एका विमानाची किंमत पाच हजार पौंड धरली गेली. खरा खर्च त्याहून बराच जास्त होता, पण पाच हजार हा आकडा एखाद्या गावाला, कारखान्याला किंवा संस्थेला गाठता येण्यासारखा होता. त्याहून हुशारी म्हणजे सुट्या भागांचे दरपत्रक छापले गेले. पंख इतक्याला, अमुक भाग तितक्याला, आणि एक रिव्हेट सहा पेन्सला. ज्याच्याकडे सहा पेन्सच आहेत त्या पोरालाही आपल्या रिव्हेटवर विमान उडते असे म्हणता येऊ लागले. हिंदुस्थानातूनही पैसा गेला. ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला 'बडोदा' हे नाव मिळाले ते गायकवाडांच्या देणगीमुळे. मात्र त्या काळातल्या हिंदुस्थानातील युद्धनिधीची वसुली सगळीच राजीखुशीची नव्हती, तलाठ्या-मामलेदारांचा दाब तिच्यामागे असे. दरपत्रकाची युक्ती घ्यावी आणि वसुलीची रीत सोडून द्यावी.

स्वातंत्र्यानंतर एका माणसाने एका विमानासाठी काय केले ते डाकोटाच्या रूपाने दिसते. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. आयर्लंडमध्ये भंगारात पडलेले एक डाकोटा चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये घेतले, ब्रिटनमध्ये ते उडण्याजोगे करून घेतले आणि हवाई दलाला देऊ केले. सुरुवातीला देणगी नाकारली गेली. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ती स्वीकारली गेली आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये ते विमान कॉव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्याने उडत जामनगरला उतरले. 'परशुराम' हे त्याचे नाव आणि 'व्हीपी ९०५' हा त्याच्या शेपटीवरचा क्रमांक. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. हवाई दलाच्या व्हिंटेज ताफ्यात आज हे विमान आहे. देणगी देणे जितके कठीण असते तितकेच ती स्वीकारून घेणेही असते. एखाद्या गावाने विमान मागायचे ठरवले तर हे ध्यानात ठेवावे.

आणि गावे आता मागतील. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झाले, बासष्ट वर्षांच्या सेवेनंतर. नाशिकजवळ ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना मुळात या विमानासाठीच उभा राहिला. त्यामुळे महाराष्ट्रातील आणि सीमाभागातील कित्येक घरांत मिगचे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होऊन गेले आहेत. शाळा, महाविद्यालये, नगरपालिका विमानासाठी अर्ज करतील.

बेळगाव परिसराला असे विमान शोभेल, याची कारणे इथल्या मातीतच आहेत. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिश हवाई दलाने बांधली. आज तिथे हवाई दलाची सैनिकांना प्रशिक्षण देणारी शाळा आहे. देशभरातली तरुण मुले आणि आता मुलीही तिथे कवायत शिकून बाहेर पडतात. शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आणि त्याचे संग्रहालय आहे. बेळगाव-निपाणी महामार्गावर हत्तरगीला विमानांचे सुटे भाग करणारे एक्वसचे औद्योगिक क्षेत्र आहे; तिथले भाग एअरबसच्या विमानांत बसतात. उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम करणारे शेकडो कारखाने आहेत. विमानाखाली द्यायचा टेकू, गंजलेल्या बोल्टच्या जागी बसणारा नवा बोल्ट, कॉकपिटचे छत यांतले बरेचसे इथे बनू शकते. कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात आणि राष्ट्रीय वारशाचे जतन त्या कामांत बसते. पण कंपनीकडे हात पसरण्याआधी गावाने स्वतः काय केले हे दाखवता आले पाहिजे.

ते सीमाभागाला जमते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, सांबरा या गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. मोठ्या सरकारी अनुदानाशिवाय, गावच्या वर्गणीवर मंडप उभा राहतो, ग्रंथदिंडी निघते, पाहुण्यांची जेवणे होतात, आणि पुढच्या वर्षीची तयारी सुरू होते. तालमीची पोरे, महिला मंडळ, दूध संस्था, पतसंस्था, बाहेरगावी नोकरीला गेलेला मुलगा असा प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. पावतीपुस्तके मोजून दिली जातात आणि मोजून परत घेतली जातात. विक्रांतला हवी होती ती व्यवस्था इथल्या गावांना पाठ आहे, फक्त ती अजून विमानाकडे वळलेली नाही.

वळवायची तर काही गोष्टींत काटेकोर राहावे लागेल. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो आणि त्या दिवशी जमणारा पैसा सैनिकांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी असतो. त्याच दिवशी त्याच माणसाकडे संग्रहालयाचा डबा पुढे करू नये. वीरपत्नीसाठी म्हणून दिलेला रुपया रंगाच्या डब्यावर गेला, असे कुणाला वाटताही कामा नये. स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र खाते, दरवर्षी तपासलेला हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर, इतके पहिल्या दिवसापासून हवे. वर्गणीदाराला फक्त 'देशासाठी' असे सांगू नये. स्पिटफायरच्या दरपत्रकासारखे सांगावे, की या पावतीने एक टायर सावरला जाईल, या पावतीने शेपटीचा रंग होईल, या पावतीने निचऱ्याची जाळी बसेल. म्हणजे त्याला पुढच्या वर्षी येऊन ते पाहता येते, आणि पाहायला आलेला माणूस पुन्हा देतो.

कार्यक्रमही कामाशी जोडलेले असावेत. दर महिन्याला एका निवृत्त फिटरने किंवा रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याने विमानापाशी उभे राहून आपल्या हाताने केलेले एक काम मुलांना समजावून सांगावे. भाषण नको, हत्यारे हातात हवीत. चंदगड, गडहिंग्लज, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात हवाई दलातून परतलेली अशी माणसे आहेत. त्यांचे ज्ञान आपण टिपून ठेवले नाही तर व्हल्कनवर आली ती वेळ आपल्यावर फार लवकर येईल. जत्रेच्या दिवसांत तिकीट लावून कॉकपिट दाखवावे. शाळांना वर्षाची वर्गणी ठरवून मुलांना हवे तेव्हा येऊ द्यावे. १९ डिसेंबरला, गोवा मुक्तीच्या दिवशी, दाबोळीची हकिगत सांगावी.

पहिला कार्यक्रम मात्र ८ ऑक्टोबरच्या हवाई दल दिनी घ्यावा. तोवर पाऊस ओसरत आलेला असतो, सहामाही परीक्षेतून मुले सुटत असतात, आणि विमान गोड्या पाण्याने धुऊन पंखांतले साठलेले पाणी काढण्याचे काम तसेही त्याच आठवड्यात करावे लागते. बादल्या आणि मऊ फडकी गावाने आणावीत. कुठे घासायचे आणि कुठे हात लावायचा नाही, ते फिटरकाका सांगतील.